काचेवरचं ऊन

सरकारी वकील जबाब वाचून दाखवत होते आणि सेलिन तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकत होती. वसईच्या कोर्टाचा व्हरांडा अकरा वाजताच तापला होता. भिंतीला टेकून बसलेल्या बायका, त्यांच्या पिशव्या, सुतळीने बांधलेल्या फायली, चहाच्या ग्लासांची किणकिण, या सगळ्यातून वकिलांचा आवाज सपाट येत होता. 'मी माझे राहते घराचे अंगणात उभी असताना माझे पती नामे बावतीस हे सायकलवरून जात असताना...' बावतीसला आयुष्यात कुणी 'नामे' म्हटलं नव्हतं. तिला त्याचंच जरा हसू आलं. बावतीसचा धाकटा भाऊ सॅन्टन शेजारी हाताची घडी घालून उभा होता आणि मिस्सामधलं वाचन ऐकावं तशी प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग वकिलांनी पान उलटलं. 'सदर टँकरवरील चालकाचा चेहरा मी समक्ष पाहिला असून तो मला पुन्हा दाखविल्यास मी ओळखीन.'

जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असावी आणि आपण अजून एक आहे असं समजून पाऊल टाकावं, तसं तिला झालं.

"हे मी सांगितलंय?" तिने विचारलं.

"तुमचाच जबाब आहे, बाई." वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार वर्षं झाली. माणूस विसरतो, म्हणून तर आधी वाचून दाखवायचं. कोर्टात एवढंच महत्त्वाचं आहे बघा. तो दुसरा साक्षीदार, सायकलवाला, मागच्या तारखेला फिरला. आता डोळ्यांनी पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच. मी विचारीन, गाडीवर कोण होता. तुम्ही बोट दाखवायचं. बाकी माझ्यावर सोडा."

पण त्या दिवशी मॅजिस्ट्रेट रजेवर निघाले. शिपायाने दहा दिवसांनंतरची तारीख सांगितली आणि व्हरांडा हळूहळू रिकामा झाला. जाताना जिन्यापाशी तो उभा दिसला. कुशल. निळ्या टँकरचा ड्रायव्हर. रुंद कपाळ, भुवईच्या वर जुन्या जखमेची रेघ, आखूड मिशी. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सॅन्टनने मात्र त्याच्याकडे असं पाहिलं की सेलिनने दिराचा दंड धरला आणि त्याला एस. टी.च्या थांब्याकडे नेलं.

तो चेहरा तिला तोंडपाठ होता. चार वर्षं तो तिच्याबरोबर राहत होता. पानवेलीला पाणी सोडताना तो होता, लेकीची, सालोमीची, वेणी घालताना होता, रोज संध्याकाळी रोझरीच्या मण्यांमधून होता. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की सेलिनची जीभ अडखळायची, कारण त्या ओळीपाशी तो चेहरा स्टिअरिंगवरून वाकून तिच्याकडे बघायचा. काच, काचेमागे कपाळ, कपाळावर रेघ. तिने तो इतक्या वेळा पाहिला होता की कुणी विचारलं असतं तर कॉलरचा रंगही सांगितला असता. मग जबाबातलं ते वाक्य ऐकून पाऊल रिकामं का पडलं? एस. टी.च्या खिडकीशी बसून ती मागे जाऊ लागली. स्टिअरिंगवरचा चेहरा आला. त्याच्या मागे काय होतं? तोच चेहरा, पण स्टिअरिंग नव्हतं. पोलीस ठाण्यातलं बाक होतं. बावतीसच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी तिला तिथे नेलं होतं. कुणीतरी पाण्याचा ग्लास ओठांना लावला होता, आणि हवालदाराने समोरच्या माणसाची हनुवटी वर करून विचारलं होतं, "हाच ना?" तिची मान हलली होती. ती हो म्हणाली होती, की पाणी गिळताना हलली होती? ते तिला आता ठरवता येईना. पण हलली होती. तिथून तो चेहरा उठला आणि चार वर्षांत पायापायाने चालत जाऊन टँकरवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती अंगणात जाऊन उभी राहिली. अपघात झाला तोच फेब्रुवारी महिना होता, तीच वेळ होती. त्यांच्या अंगणासमोर रस्ता वळतो. वळणावर क्रूस आहे, म्हणून त्याला क्रुसाचं वळण म्हणतात. वाडीतल्या विहिरींवर पंप लावून भरलेले टँकर इथूनच आचोळ्याकडे, सोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगांकडे जात. दिवसाला चाळीस-पन्नास. पहिला आला तेव्हा सेलिनने डोळे बारीक केले. सूर्य समोरून, नारळांच्या कमरेइतका वर आला होता, आणि टँकरची पुढची काच म्हणजे नुसता पांढरा पत्रा झाला होता. पत्रा जवळ आला, फुटला, बाजूने गेला, आणि मग उघड्या खिडकीतून एक कोपर तेवढं दिसलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी ती फाटकापर्यंत गेली. सलग तीन सकाळी ती तिथे उभी राहिली आणि एकाही ड्रायव्हरचं तोंड गाडी निघून जाण्याआधी तिला दिसलं नाही. सालोमी कॉलेजला जाताना म्हणाली, "आई, काय मोजतेस?" सेलिन म्हणाली, "काही नाही, बघतेय."

आणि तिसऱ्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली. टँकर वळणाशी आला आणि सेलिनचं तोंड आपोआप उघडलं. आवाज निघाला नाही, पण घसा ताणला गेला, हाक मारताना ताणला जातो तसा. तिने फाटकाची फळी धरली. डोळ्यांनी जे हरवलं होतं ते घशाला आठवत होतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी टँकरमालकाचा माणूस येऊन गेला होता, विहिरीचं पाणी मागायला. बावतीस म्हणाला होता, सगळेच देतायत, आपण एकट्याने नाही म्हणून कुठला समुद्र आटणार आहे. ती म्हणाली होती, आपण द्यायचं नाही. रात्रभर दोघं पाठीला पाठ लावून निजली. सकाळी तो न जेवता पानांची टोपली सायकलला बांधून निघाला. चिडला की तो मान खाली घालून सायकल चालवायचा. तो फाटकाबाहेर गेला, आणि तिला वाटलं, असं नको जायला. म्हणून तिने हाक मारली. "बावतीस, जेवायला कधी येणार?" भांडण मिटवायची तिची तीच रीत होती. सॉरी-बिरी त्या घरात कुणी म्हणत नसे, जेवणाचं विचारत. त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर काय होतं, राग होता की गेला होता, तेही तिला दिसलं होतं का? नाही. त्याच क्षणी पांढरा पत्रा वळण कापून आला, रस्त्याच्या चुकीच्या बाजूने, त्याच्या बाजूने. हे तिने पाहिलं होतं. हे पक्कं पाहिलं होतं. नंतर फक्त टँकरच्या मागच्या नळातून गळणारं पाणी दिसत होतं, आणि ते उताराने त्याच्याकडे जात होतं.

हाकेचं ती कुणालाच बोलली नव्हती. पोलिसांना नाही, सॅन्टनला नाही, पापनिवेदनातही नाही, कारण बायकोने नवऱ्याला जेवायला कधी येणार विचारणं हे कुठल्या आज्ञेखाली घालायचं? पण आता तिला कळलं की तो चेहरा तिला इतका घट्ट का धरून ठेवावा लागला. तो काचेमागे असला की वळणावर फक्त दोघं होते, तो आणि बावतीस. अंगणातली बाई नव्हती.

त्या संध्याकाळी सॅन्टन आला. त्याने ओट्यावर तांब्या ठेवला.

"चाख," तो म्हणाला.

"काय आहे?"

"चाख तर, वयनी."

तिने घोट घेतला आणि तोंड वळवलं. पाणी मचूळ होतं, मागून मिठाची चव येत होती.

"मोठ्या विहिरीचं," सॅन्टन म्हणाला. "बापाने खणली तेव्हा साखरेसारखं लागलं होतं म्हणे. टँकर असेच गोडं पाणी उपसत राहिले तर पुढच्या साली तुझ्या पानवेली जळतील, त्याच्या पुढे माझी केळी. आपण अर्ज दिले, मोर्चे नेले, बायका रस्त्यावर बसल्या. कुणाचं काय वाकडं झालं? एवढ्या वर्षांत एकच माणूस पिंजऱ्यात उभा राहिलाय. एकाला सजा होऊ दे, मग बघ बाकीचे या वळणावर कसे येतात ते."

सेलिनने तांब्या खाली ठेवला. "सॅन्टन, मी त्याचं तोंड पाहिलं नाही."

तो तिच्या शेजारी ओट्यावर बसला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गाडीवर तोच होता की नव्हता?"

"असणार. गाडी त्याचीच. तोच पळाला, तोच दोन दिवस लपला."

"मग? देव आंधळा आहे का? गाडीवर कोण होतं ते त्याला ठाऊक आहे. त्याला जे ठाऊक आहे तेच तू बोलणार. याला खोटं कसं म्हणशील? तू तर रविवारी पोरांना शिकवतेस."

तो गेल्यावरही हे वाक्य ओट्यावर बसून राहिलं. अकरा वर्षं ती चर्चच्या मागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होती. आठवी आज्ञा, खोट्या साक्षीची, पावसाळ्याच्या सुमारास यायची. तिचं उदाहरण ठरलेलं होतं: एकाने पेरू चोरले आणि नाव दुसऱ्याचंच घेतलं. मुलांना ते लगेच पटायचं, कारण दुसऱ्याने काही केलेलंच नसायचं. पण ज्याने पेरू चोरलेच आहेत, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि फक्त चोरताना तुम्ही पाहिलेलं नाही, अशा मुलाचं उदाहरण तिने कधी दिलं नव्हतं. अशा मुलावर खोटी साक्ष देणं किती सोपं आहे, आणि किती चांगलं वाटेल, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सैतान मोहात पाडतो म्हणजे वाईट गोष्ट गोड करून देतो, असं ती मुलांना सांगायची. इथे तर चांगलीच गोष्ट समोर होती. बावतीसला न्याय, वाडीला पाणी, सॅन्टनच्या जिवाला थंडावा. मधे फक्त एक बोट उचलायचं होतं.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. फादर तरुण होते, मोर्च्यात पुढे चालायचे, टँकरसमोर बायकांबरोबर रस्त्यावर बसून त्यांनी रोझरी सांगितली होती. जाळीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं, हाक ऐकली, काच ऐकली. बाहेर झाडणाऱ्या बाईच्या खराट्याचे फटके सेलिन मोजत राहिली.

"दुसरा कुणी साक्षीदार नाही का?" फादरांनी शेवटी विचारलं.

"नाही, फादर."

"अगदीच कुणी नाही?"

तिला त्यांची कीव आली. त्यांनाही तेच हवं होतं जे सॅन्टनला हवं होतं, फक्त ते मागता येत नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

"मग जे पाहिलंस ते सांग," ते हळू म्हणाले. "त्यापेक्षा जास्त नाही, कमी पण नाही. आणि मला माफ कर, मी आधी ते विचारलं."

कमी पण नाही. घरी येताना ते दोन शब्द तिच्या चपलेत खड्यासारखे टोचत राहिले. चेहरा सोडून देणं तिने जवळपास ठरवलंच होतं. पण चेहरा पाहिला नाही म्हणायचं आणि हाक मारली हे गिळायचं, हेही चाललं असतं. कुणी विचारणार नव्हतं. पुढचे चार दिवस ती काम करत राहिली, पानं खुडत राहिली, आणि मनात एकेक वाट बंद करत गेली. आजारी पडायचं? तारखा पडत राहतील आणि ती पुन्हा या ओट्यावर येईल. आठवत नाही म्हणायचं? ते तर सगळ्यात मोठं खोटं, कारण तिला आता जितकं आठवत होतं तितकं कधीच आठवलं नव्हतं. एका संध्याकाळी तिने सालोमीला सांगितलं, हाकेसकट. सालोमी सतरा वर्षांची होती आणि वडील म्हटलं की तिला आधी सायकलची घंटा आणि पानांचा वास आठवायचा. ती खूप वेळ आईच्या हाताची बोटं एकेक करून दाबत राहिली.

"मग तो सुटेल," ती म्हणाली.

"सुटेल बहुतेक."

"आणि पप्पा?"

"पप्पांनी मला लग्नात विचारलं होतं, तुला कुठलं खोटं चालतं. मी म्हटलं, वजनातलं सुद्धा चालत नाही. ते म्हणाले, मग पानांच्या धंद्यात तुझं कसं व्हायचं." सेलिन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "त्यांच्या नावावर मी खोटं बोलले तर ते मला वर भेटल्यावर पहिलं तेच काढतील."

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. वाडीतली पंधरा-वीस माणसं आली होती, सॅन्टन पहिल्या बाकावर होता. सेलिनने शपथ घेतली. घरातली बोली वेगळी, कोर्टातली मराठी वेगळी. ती शाळेत शिकली होती ती मराठी सावकाश, एकेक शब्द निवडून बोलू लागली. टँकर जोरात होता. वळण चुकीच्या बाजूने कापलं. ब्रेकचा आवाज धडकेनंतर आला. वकील पुढे पुढे येत होते, खूश होते.

"टँकर कोण चालवत होतं ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

वकिलांनी तिचं उत्तर ऐकूच आलं नाही असं करून पुन्हा विचारलं. "चालकाचा चेहरा तुम्ही पाहिलात. तो आज या कोर्टात हजर आहे का?"

"साहेब, काचेवर ऊन होतं. मला तोंड दिसलं नाही. या माणसाला मी पहिल्यांदा पोलीस ठाण्यात पाहिलं. तिथे मला विचारलं, हाच ना, आणि माझी मान हलली. ती हलायला नको होती. ती माझी चूक."

पाठीमागे बाक करकरलं. वकील मॅजिस्ट्रेटकडे वळून काही बोलले, त्यातला 'फितूर' हा शब्द तिला ऐकू आला. साक्षीदार फितूर. मग ते आवाज चढवून एकामागून एक विचारू लागले. आरोपीच्या माणसांनी धमकावलं का, काही मिळालं का, कुणी घरी आलं होतं का. ती नाही म्हणत गेली. आरोपीच्या वकिलांना तर काही विचारायचंच नव्हतं. ते अर्धे उठून म्हणाले, "प्रश्न नाहीत." मॅजिस्ट्रेटने लेखणी खाली ठेवली. एवढ्यावर ती उतरून जाऊ शकत होती. वाट मोकळी होती, पुढे तीन पायऱ्या होत्या.

"आणखी एक सांगायचं आहे," सेलिन म्हणाली.

"तुम्हाला विचारलेलं नाही," सरकारी वकील म्हणाले.

"सांगू द्या," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"मी त्यांना हाक मारली होती. टँकर यायच्या आधी. त्यांनी मागे वळून पाहिलं. टँकर चुकीच्या बाजूनेच आला, पण ते माझ्याकडे बघत होते." ती मॅजिस्ट्रेटकडे वळली. "हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी सगळं सांगेन म्हणून शपथ घेतलीय."

टाइप करणाऱ्याच्या यंत्राचा खडखडाट सुरू झाला आणि तिचं वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी होऊन कागदावर उतरू लागलं. 'सदर वेळी मी माझे पतीस हाक मारली असता...' ती पायऱ्या उतरली. पहिल्या बाकावर जागा रिकामी होती. सॅन्टन निघून गेला होता.

तीन महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा मिळून कुशल सुटला. त्या दिवशी वाडीत कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणं पुढे दोन वर्षं टिकलं. रविवारी चर्चमध्ये सेलिन बसायची त्या बाकावरच्या बायका थोड्या सरकून बसत, तिला जागा जास्त मिळे. धर्मशिक्षणाच्या वर्गातून तीन मुलं कमी झाली. सॅन्टनने दोन घरांमधली पायवाट करवंदीच्या काट्यांनी बुजवली आणि तिच्याशी बोलणं सोडलं. सणाला तो सालोमीला बोलावून घेई, मिठाई देई, तिला नाही. विहीर खारावतच गेली. पानवेली एकेक करून पिवळ्या पडल्या तेव्हा तिने अर्ध्या वाफ्यात लाल भाजी लावली, आणि सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाऊ लागली. खरं बोललं की मन हलकं होतं, असं ती वर्गात सांगत आली होती. ते आता ती सांगेना. मन हलकं झालं नव्हतं. उलट चेहरा गेला होता आणि त्याच्या जागी हाक उरली होती, आणि हाकेशी भांडता येत नाही. कधी कधी संध्याकाळी तिला वाटे, एक बोट उचललं असतं तर आज सॅन्टन ओट्यावर बसून चहा पीत असता. मग ती उठून काहीतरी काम काढी. टँकरविरुद्ध बायका रस्त्यावर बसत तेव्हा तीही जाई आणि सगळ्यांत मागे बसे. तिला कुणी बोलावत नसे आणि कुणी ऊठ म्हणत नसे. विश्वास म्हणजे मनात काय वाटतं ते नव्हे, हे तिला तिथे तापलेल्या डांबरावर बसून कळत गेलं. वाटणं रोज वेगळं असे. बसणं तेवढं तिच्या हातात होतं.

दोन हजार सालच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एका दुपारी, ती परसात लाल भाजीच्या जुड्या बांधत होती. फाटक वाजलं. एक माणूस आत येऊन चपला काढून उभा राहिला.

"बाई, मी कुशल," तो म्हणाला.

तिला सांगायची गरज नव्हती. कपाळावरची रेघ आता सुरकुतीत मिसळली होती. तिने हातातली जुडी पूर्ण बांधली आणि मग मान वर केली.

"गाडीवर मीच होतो," तो म्हणाला. त्याने हे वाक्य वाटेत खूपदा म्हटलं असावं, कारण ते एका दमात आलं. पुढचं तुटत तुटत आलं. "वकिलाने सांगितलं होतं, तोंड उघडू नको. नाही उघडलं. आता गाडी नाही चालवत, विरारला दुकानात असतो. पण बाई, तुम्ही ती हाक मारल्याचं सांगितलंत. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मला सगळ्यांनी विचारलं आणि मी नाही सांगितलं." तो थांबला. "त्यांनी मागं पाहिलं नसतं तरी काही वेगळं झालं नसतं. मी सगळाच रस्ता कापला होता. ब्रेकवर पायच नव्हता. तुमच्या हाकेने काही झालं नाही, एवढं सांगायला आलो."

सेलिन त्याच्याकडे बघत राहिली. हे खरं होतं, की तिच्या समाधानासाठी बोललेलं होतं? ते तिला ओळखता येईना, आणि कदाचित त्यालाही येत नसावं. तिने मनात शोधलं, क्षमा म्हणतात तसं काही आहे का. नव्हतं. समोर एक माणूस अनवाणी उभा होता.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही..."

"ठाऊक होतं. पाहिलं नव्हतं." ती उठली, पदराला हात पुसले. "मला सांगून झालं. आता सॅन्टनला सांगा."

कुशलचा चेहरा उतरला. "ते मारतील मला."

"मारील कदाचित. भाऊ होता त्याचा."

"बाई, नको."

"दोन वर्षं तो समजतो की मी त्याच्या भावाला विकलं. तुम्ही त्याला खरं सांगा. मी मध्ये उभी राहीन."

तो फाटकाकडे बघत राहिला. तिथून रस्ता होता, रस्त्यावरून विरारला जाणारी एस. टी. मिळाली असती. सेलिनने त्याला अडवलं नाही, आग्रहही केला नाही. ती करवंदीच्या काट्यांकडे गेली, कोयत्याच्या टोकाने त्या वाळक्या फांद्या बाजूला ओढल्या, हाताला एक ओरखडा निघाला तो तिने तोंडात धरला, आणि पायवाटेवर चालू लागली. काही पावलांनी मागे वाळक्या पानांचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही.

सॅन्टन पंपाशी वाकून पट्टा बसवत होता. त्याने आधी तिला पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. हातातला पाना तसाच धरून तो सरळ झाला. त्याचे कान लाल होत गेलेले तिला दिसले. बावतीसचेही असेच व्हायचे.

"सॅन्टन, यांना तुला काही सांगायचंय," ती म्हणाली. "आधी पूर्ण ऐक."

तो पुढे आला. पाना हातातच होता. कुशल तिच्या पाठीमागे इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"वयनी, बाजूला हो," सॅन्टन म्हणाला.

दोन वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. सेलिन बाजूला झाली नाही.